सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घरी वापरून पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन, तीन किंवा आठ वॉटचा व्हॉल्व्ह (म्हणजे काचेच्या निर्वात नळीवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर ज्यांनी नुकताच घेतला आहे किंवा जे तो घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्याकडून मला तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रश्न बहुधा अ‍ॅम्प्लिफायरविषयी असतो आणि उत्तर स्पीकरपाशी सापडते, त्यामुळे खाली स्पीकरचा विषय वारंवार येईल. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा सांगण्याऐवजी तो क्रमांक दिला आहे.

१. सिंगल-एंडेड म्हणजे नेमके काय? व्हॉल्व्हचे सगळेच अ‍ॅम्प्लिफायर तसे असतात का?

सगळे तसे नसतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे जिथून स्पीकरला शक्ती मिळते तिथे, ध्वनिलहरीचा चढ आणि उतार असे दोन्ही भाग एकच व्हॉल्व्ह हाताळत असेल, तर त्या रचनेला सिंगल-एंडेड म्हणतात. पुश-पुल रचनेत दोन व्हॉल्व्ह परस्परविरुद्ध दिशांनी काम करतात आणि शक्ती जास्त मिळते. सिंगल-एंडेडमधला एकटा व्हॉल्व्ह मात्र कधीच विसावत नाही. गाणे थांबलेले असले तरी त्यातून ठरलेला प्रवाह वाहत असतो आणि गाणे सुरू झाले की तो लहरीप्रमाणे कमी-जास्त होतो. क्लास ए म्हणतात ती हीच कार्यपद्धती. तिच्यात उष्णता भरपूर निर्माण होते आणि स्पीकरपर्यंत थोडेच वॉट पोहोचतात.

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांच्या कानाला ही रचना नवी नाही. टेबलावरच्या कितीतरी रेडिओंत स्पीकरच्या अलीकडे ईएल८४ किंवा ईसीएल८२ असा एकच व्हॉल्व्ह असे आणि त्याच्या तीन-चार वॉटांवर सकाळच्या बातम्या ओसरीपर्यंत ऐकू येत. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी ईएल८४ देशातच बनवत असे.

२. ३००बी, २ए३, ४५, ८४५ हे आकडे कसले? पहिल्यांदा घेताना यांतला कोणता घ्यावा?

हे व्हॉल्व्हचे प्रकार आहेत. ४५ हा १९२९ सालचा, रेडिओसाठी बनलेला अमेरिकन व्हॉल्व्ह. तो एकटा जेमतेम दोन वॉट देतो. आरसीए कंपनीचा २ए३ हा १९३३चा. तो साडेतीन वॉट देतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी १९३८चा असून त्याच्याकडून सुमारे आठ वॉट मिळतात. ८४५ हा आकाराने बाटलीएवढा, हजार व्होल्टच्या आसपास चालणारा आणि वीसेक वॉट देणारा व्हॉल्व्ह आहे. हे चारही ट्रायोड, म्हणजे तीन इलेक्ट्रोडचे व्हॉल्व्ह, आहेत आणि चौघांतही तापणारी तारच इलेक्ट्रॉन सोडण्याचे काम करते. ईएल८४ आणि ईएल३४ हे पेंटोड, म्हणजे पाच इलेक्ट्रोडचे, आहेत. तेही सिंगल-एंडेड रचनेत वापरतात आणि ते बरेच स्वस्त पडतात.

आवाजाची ही जातकुळी आपल्याला मानवते का, एवढेच ज्यांना पाहायचे आहे, त्यांना मी थोडा फीडबॅक (आउटपुटचा अंश मागे देऊन चूक कमी करण्याची पद्धत) असलेला ईएल८४चा पाच वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर सुचवतो. त्यात पैसे कमी अडकतात आणि स्पीकरच्या बाबतीत तो ३००बीपेक्षा कमी हट्टी असतो. ८४५ पहिल्यांदा घेऊ नये. त्याचे कारण प्रश्न १६मध्ये आहे.

३. हे तंत्र एवढे चांगले असेल, तर मध्यंतरी नाहीसे का झाले?

वॉट कमी पडू लागले म्हणून. १९३६मध्ये ६एल६ हा बीम टेट्रोड जातीचा व्हॉल्व्ह आला आणि पुश-पुल जोडीतून कमी खर्चात मोठी शक्ती मिळू लागली. १९४७मध्ये ब्रिटनच्या डी. टी. एन. विल्यमसन यांनी भरपूर फीडबॅक असलेला पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायर प्रसिद्ध केला आणि घरगुती हाय-फायचा तोच नमुना ठरला. पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर वॉट आणखी स्वस्त झाले आणि स्पीकर बनवणाऱ्यांनीही पेट्या लहान व जास्त शक्ती मागणाऱ्या केल्या, कारण शक्तीची चणचण उरली नव्हती. जपानमधल्या हौशी मंडळींनी ट्रायोड सोडला नाही. फ्रान्समध्ये हाय-फायविषयी लिहिणारे जाँ हिरागा यांनी तो धागा पुढे नेला आणि १९९०च्या सुमारास अमेरिका व उरलेल्या युरोपात ही आवड पसरली. गंमत अशी की वेस्टर्न इलेक्ट्रिकने मूळ ३००बीचे उत्पादन १९८८मध्ये, म्हणजे मागणी वाढण्याच्या थोडेच आधी, थांबवले होते.

४. माझ्या सध्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर शंभर वॉट लिहिले आहे. आठ वॉट कसे पुरतील?

वॉट दुप्पट केले की आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढते, दहापट केले की १० डेसिबलने. आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा कानाला वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. या हिशेबाने आठ आणि शंभर वॉटांत अंतर ११ डेसिबलचे आहे, म्हणजे कानाच्या मोजमापात दुपटीहून थोडेसेच अधिक.

आता स्पीकरकडे पाहू. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, तिला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. दुकानात सेन्सिटिव्हिटी हा शब्द चालतो. बीबीसीसाठी आखलेल्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरची संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास आहे, तर पॉल क्लिप्श यांच्या क्लिप्शहॉर्न या कोपऱ्यात ठेवायच्या भोंग्याच्या स्पीकरसाठी कंपनी १०५ डेसिबल सांगते. हा २२ डेसिबलचा फरक वॉटांच्या भाषेत दीडशे पटींहून मोठा आहे. अ‍ॅम्प्लिफायर बदलून जे अंतर आपण कापू पाहतो, त्याच्या कितीतरी पट अंतर स्पीकर बदलल्याने कापले जाते.

दहा बाय बारा फुटांची खोली धरा आणि अडीच मीटरवर बसून ऐकणारा श्रोता धरा. ९५ डेसिबलच्या स्पीकरला आठ वॉट दिले तर एक मीटरवर १०४ डेसिबल होतात. अंतरामुळे बंद खोलीत सुमारे ५ डेसिबल जातात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात आणि बसल्या जागी १०२ डेसिबलपर्यंतची उसळी मिळते. ती घरासाठी मुबलक आहे. आता ८६ डेसिबलचा स्पीकर आणि ४५ व्हॉल्व्हचे दोन वॉट घ्या: तोच हिशेब ८७ डेसिबलवर थांबतो. संगीतातल्या उसळ्या सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबलनी वर जातात, म्हणून सरासरी पातळी सत्तरीच्या आसपासच ठेवावी लागेल. रात्री मंद आवाजात गझल ऐकायला ते पुरते. तबल्याचे सोलो वादन मनासारख्या आवाजात ऐकायला पुरत नाही.

५. मला खरोखर किती वॉट लागतात, हे घरच्या घरी मोजता येईल का?

येते, आणि काहीही विकत घेण्याआधी प्रत्येकाने ते मोजावे असा माझा आग्रह आहे. साधा मल्टिमीटर आणि १०० हर्ट्झच्या स्वराची एक ध्वनिफीत लागते. तो स्वर डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खाली नोंदवलेला असावा. आधी तुमच्या आहे त्या अ‍ॅम्प्लिफायरवर, तुम्ही जास्तीत जास्त जेवढ्या मोठ्याने ऐकता तेवढ्यावर आवाज ठेवून आवडीचे संगीत लावा. मग आवाजाच्या बटणाला हात न लावता तो स्वर वाजवा आणि स्पीकरच्या दोन टर्मिनलांवर एसी व्होल्ट मोजा. आलेल्या आकड्याला दहाने गुणा, त्याचा वर्ग करा आणि स्पीकरवर छापलेल्या ओहमच्या आकड्याने भागा. उत्तर वॉटमध्ये येते.

माझ्या बैठकीच्या खोलीत ०.४ व्होल्ट आले होते. दहापट म्हणजे ४, वर्ग १६, आठ ओहमने भागले की २ वॉट. त्याआधीची बारा वर्षे मी साठ वॉटांचा अ‍ॅम्प्लिफायर वापरत होतो आणि तो मला कमीच वाटत होता. तुमचे उत्तर जेवढे येईल त्याच्या दुप्पट वॉटांचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर निवडला तर सहसा अडचण येत नाही.

६. माझ्या स्पीकरवर ८९ डेसिबल, ८ ओहम असे छापले आहे. तेवढे पाहून ३००बी घेतला तर चालेल का?

तेवढ्यावर ठरवू नये. स्पीकरवर छापलेले आठ ओहम हे नावापुरते असतात. प्रत्यक्षात स्वराच्या उंचीप्रमाणे तो आकडा चार ओहमपर्यंत उतरतो आणि तीस ओहमपर्यंत चढतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स (त्याच्या आत विजेला होणारा अडथळा) ओहमचा अगदी लहान अंश असल्यामुळे त्याच्यावर या चढउताराचा परिणाम होत नाही. फीडबॅक नसलेल्या ३००बीचा आउटपुट इम्पीडन्स मात्र साधारण अडीच ओहम असतो. स्पीकर जिथे चार ओहम आहे तिथे व्होल्टेज सव्वाचार डेसिबलनी घटते आणि जिथे तीस ओहम आहे तिथे पाऊण डेसिबलच घटते. म्हणजे एकाच स्पीकरच्या दोन स्वरपट्ट्यांत साडेतीन डेसिबलचा फरक पडतो, आणि एवढा फरक कोणालाही ऐकू येतो. एकाच्या घरी ३००बी मधाळ वाटतो आणि दुसऱ्याच्या घरी ढबढबीत वाटतो, त्याचे मोठे कारण हेच आहे.

याची चव आधी घेण्याचा एक स्वस्त मार्ग आहे. २.२ ओहम, १० वॉटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर आणा. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ते किरकोळ पैशांत मिळतात. दोन्ही स्पीकरांच्या धन बाजूच्या वायरीत एकेक रेझिस्टर ओळीने जोडा आणि आपल्या नेहमीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर आठवडाभर ऐका. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमुळे तुमच्या स्पीकरच्या स्वरसंतुलनात जो बदल होईल, त्यातला बराचसा या रेझिस्टरांतून आधीच ऐकू येतो. खर्ज सैल पडला किंवा आवाज बोचरा झाला, तर तो स्पीकर या कामाचा नाही.

७. मग कोणत्या जातीचे स्पीकर जुळतात?

९२ डेसिबलच्या पुढची संवेदनशीलता आणि फार चढउतार नसलेला इम्पीडन्स, या दोन अटी पुऱ्या करणारे. भोंग्याचे स्पीकर, मोठ्या पेटीतले फुल-रेंज (सगळे स्वर एकाच ड्रायव्हरमधून, म्हणजे आवाज काढणाऱ्या घटकातून, काढणारे) स्पीकर आणि टॅनॉयच्या जुन्या ड्युअल कॉन्सेन्ट्रिक जातीचे मोठे स्पीकर हे यातले नेहमीचे पर्याय. जपानच्या फॉस्टेक्सचे फुल-रेंज ड्रायव्हर आणून सुताराकडून पेटी करून घेणारे आपल्याकडेही आहेत. त्यात क्रॉसओव्हर (स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरांत वाटून देणारे सर्किट) नसतो, म्हणून शक्ती वाया जात नाही. चार ओहमचे, अनेक ड्रायव्हरांचे उंच स्पीकर आणि इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल टाळावेत.

८. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ४ ओहम आणि ८ ओहम असे दोन टॅप (स्पीकर जोडायच्या जागा) आहेत. आठ ओहमचा स्पीकर चारवर लावला तर बिघडेल का?

बिघडणार नाही, आणि ते जरूर करून पाहावे. असे केल्याने व्हॉल्व्हला दिसणारा भार दुप्पट होतो: वॉट थोडे कमी मिळतात, विकृती (मूळ आवाजात होणारी भेसळ) घटते आणि स्पीकरला दिसणारा आउटपुट इम्पीडन्स निम्मा होतो, त्यामुळे खर्ज आवरल्यासारखा वाटतो. वॉटांची ओढाताण नसेल तर मी स्वतः असेच वापरतो. याच्या उलट जोडणी, म्हणजे चार ओहमचा स्पीकर आठच्या टॅपवर, करू नये. तिच्यात विकृती वाढते.

९. पाच टक्के विकृती असलेल्या यंत्राला चांगले कसे म्हणायचे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची शंका रास्त आहे. मोजमापात ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर शंभर पटींनी स्वच्छ असतात, आणि ट्रायोड अधिक अचूक आहे असे जो सांगतो तो चुकीचे सांगतो. पण ते पाच टक्के कमाल शक्तीवरचे आहेत. सिंगल-एंडेड ट्रायोडची विकृती प्रामुख्याने दुसऱ्या हार्मोनिकची असते आणि ती आवाजाबरोबर उतरत जाते. आठ वॉटांवर पाच टक्के असेल तर एका वॉटवर पावणेदोन टक्के आणि एक-दशांश वॉटवर अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. संवेदनशील स्पीकरवर आपण बहुतेक वेळ त्या एक-दशांश वॉटातच ऐकत असतो.

दुसरा हार्मोनिक म्हणजे मूळ स्वराचाच वरच्या सप्तकातला स्वर. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा असतो. अ‍ॅम्प्लिफायर त्यात २७७ हर्ट्झचा, म्हणजे तार षड्जाचा, बारीकसा अंश मिसळतो. तो बेसूर होऊच शकत नाही. मात्र एका वेळी अनेक स्वर वाजत असले की त्या स्वरांच्या परस्पर बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात आणि ते सुरेल असतीलच असे नाही. म्हणूनच एकट्या गळ्याला शोभणारा अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या वाद्यवृंदात गढूळ होतो.

१०. आपल्या शास्त्रीय संगीतासाठी हे अ‍ॅम्प्लिफायर विशेष चांगले, असे म्हणतात. ते खरे आहे का?

माझ्या अनुभवात अर्धे खरे आहे. ख्यालगायन, सारंगी, बासरी, व्हायोलिन यांत स्वरांची गर्दी नसते आणि शक्तीची मागणीही एकसारखी असते. तिथे हे अ‍ॅम्प्लिफायर आपले सर्वोत्तम देतात. विलंबित ख्याल सुरू होण्याआधी तानपुऱ्याची जवारी खोलीत भरते तो क्षण मी ३००बीवर ऐकला आणि गायकाने सूर लावण्याआधी घेतलेला श्वास मला प्रथमच स्वतंत्रपणे जाणवला. त्या संध्याकाळी मी तीच ध्वनिमुद्रिका तीनदा लावली.

दुसरी बाजू तबल्याची आहे. चाटीवरचा फटका क्षणार्धात सरासरीच्या कितीतरी वर जातो, आणि अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट तिथे संपले तर फटक्याची धार बोथट होते. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला असते, डग्ग्याची घुमारही त्याच परिसरात असते, आणि बरेच संवेदनशील फुल-रेंज स्पीकर तिथवर पोहोचेपर्यंत दमलेले असतात. ढोलकी, पखवाज, संबळ ज्यांना प्रिय आहेत, त्यांनी प्रश्न ५चे मोजमाप याच वाद्यांवर करावे.

११. खर्ज कमी पडतो म्हणून सबवूफर जोडला, तर अ‍ॅम्प्लिफायरवरचा भार हलका होतो का?

नुसता जोडून होत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला खालचे स्वर मिळतच राहिले तर तो त्यांच्यावर शक्ती खर्च करतच राहतो. ते स्वर त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच अडवले पाहिजेत. यासाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला ओळीने एक कॅपॅसिटर पुरतो: इनपुट इम्पीडन्स १०० किलोओहम असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ७२ हर्ट्झच्या खाली हळूहळू गाळणी लावतो. सबवूफरला मात्र सिग्नल या कॅपॅसिटरच्या अलीकडून द्यावा. इतक्या छोट्या बदलाने साडेतीन वॉटांचा २ए३ दुप्पट शक्तीचा असल्यासारखा मोकळा होतो, हे मी दोन घरांत पाहिले आहे.

१२. स्पीकरजवळ कान नेला की घूंऽऽ असा आवाज येतो. तो जात का नाही?

आधी सगळ्या इनपुट वायरी काढून पाहा. आवाज गेला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नसून दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार झालेल्या वळशाचा आहे. सेट-टॉप बॉक्सची केबल आणि चार्जरला लावलेला लॅपटॉप हे त्यातले नेहमीचे आरोपी. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो मानू नये. या यंत्रांत जिवावर बेतणारे व्होल्टेज असते आणि ती पिनच आपल्याला वाचवते.

वायरी काढूनही आवाज राहिला तर तो बहुधा तापणाऱ्या तारेचा असतो. ३००बीच्या ५ व्होल्टच्या तारेला एसी दिल्यास थोडी गुणगुण राहतेच; हम पॉट असे लिहिलेला छोटा स्क्रू फिरवून ती कमीत कमी करता येते. इथेही स्पीकरचा हिशेब लागू होतो: एक मिलिव्होल्टची गुणगुण १०० डेसिबलच्या भोंग्यातून एक मीटरवर ३१ डेसिबलने ऐकू येते, म्हणजे शांत रात्री स्पष्ट, ८६ डेसिबलच्या स्पीकरवर तीच १७ डेसिबल होते आणि तिचा पत्ताही लागत नाही.

१३. आमच्याकडे व्होल्टेज कधी २१०, कधी २५० असते. स्टॅबिलायझर लावावा का? इन्व्हर्टरवर चालेल का?

वाढीव व्होल्टेज जास्त घातक आहे. २३० व्होल्टसाठी बनलेल्या ट्रान्सफॉर्मरला २५० व्होल्ट मिळाले, तर ५ व्होल्टच्या तारेला ५.४ व्होल्ट जातात आणि तारेला सोसणारी पाच टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. व्हॉल्व्हचे आयुष्य याच मार्गाने संपते. अशा ठिकाणी सर्व्हो स्टॅबिलायझर लावावा. फ्रिजसाठी असतो तो रिलेचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि प्रत्येक उडी स्पीकरमध्ये टक्क अशी ऐकू येते. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर चालतो. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

विजेचा खर्च पुष्कळजण विचारतात: १२० वॉट घेणारा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर रोज तीन तास चालवला तर महिन्याला साधारण ११ युनिट होतात.

१४. अमेरिकेहून परत येताना मुलाने अ‍ॅम्प्लिफायर आणला आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झाले ना?

व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, हर्ट्झचा सुटत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, आपली ५० हर्ट्झची. केवळ ६० हर्ट्झसाठी काटकसरीने बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० हर्ट्झवर लवकर संपृक्त होतो आणि तापतो. मागच्या पट्टीवर ५०/६० असे छापले असेल तर निश्चिंत व्हावे. तसे नसेल तर एक तास चालवून ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून पाहावा. हात ठेवता येत नसेल तर यंत्र चालवू नये. जपानी यंत्रे १०० व्होल्टची असली तरी जपानच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झ असल्यामुळे ती बहुधा दोन्हींसाठी बनलेली असतात. मात्र त्यांना ११० व्होल्टचा स्टेप-डाउन लावण्याची चूक फार जण करतात.

१५. व्हॉल्व्हमध्ये निळा प्रकाश दिसतो. तो फुटायला आला आहे का?

काचेच्या आतल्या बाजूला चिकटल्यासारखी, आवाजाबरोबर किंचित थरथरणारी निळी झळाळी निरुपद्रवी असते; भरकटलेले इलेक्ट्रॉन काचेवर आदळल्याने ती दिसते. धातूच्या पत्र्यांच्या मधल्या जागेत धुक्यासारखा जांभळा-गुलाबी प्रकाश भरला असेल तर आत वायू शिरला आहे आणि तो व्हॉल्व्ह बदलावा. माथ्यावरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर काच तडकली आहे. आणि मधला राखाडी पत्रा लालसर दिसू लागला, तर विचार करत न बसता बटण बंद करावे. बायस (व्हॉल्व्हमधला प्रवाह मर्यादेत ठेवणारे व्होल्टेज) बिघडला आहे आणि व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.

१६. किट आणून स्वतः जोडावे का?

आधी काही इलेक्ट्रॉनिक्स हाताळले नसेल तर हे पहिले काम असू नये. ३००बीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चारशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कॅपॅसिटरांत साठून राहतो. झाकण उघडल्यावर प्रत्येक वेळी, कितीही खात्री असली तरी, मीटरने मोजून तो शून्यावर आल्याचे पाहावे, एक हात मागे ठेवून काम करावे आणि घरात कोणीतरी असताना करावे. ८४५चे हजार व्होल्ट अनुभवी माणसालाही क्षमा करत नाहीत. लहान मुले आहेत त्या घरात व्हॉल्व्हवरची जाळी काढू नये. काच हात भाजण्याइतकी तापते.

१७. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प्लिफायर चालू केला तर?

करू नये. भार नसताना सिग्नल दिला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळते आणि त्याचे वेष्टन आतून जळते. गाणे चालू असताना स्पीकरची वायर काढणेही त्याच कारणाने टाळावे. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरला हे चालते, म्हणून सवयीने चूक होते.

१८. कोकणात राहतो. पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

रोज तासभर चालवणे हीच उत्तम काळजी. यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते. बंद पडून राहिले तर व्हॉल्व्हच्या पिनांवर आणि सॉकेटांवर गंज धरतो आणि खरखर सुरू होते. यंत्र थंड असताना व्हॉल्व्ह दोन-तीनदा हलकेच वर-खाली करून बसवला की ती बरेचदा जाते. उबेला पाली येतात, हेही लक्षात ठेवावे. एका जुलैत मी तळाचे झाकण उघडले तेव्हा सॉकेटाच्या मागे पालीची दोन पांढरी अंडी चिकटलेली होती, आणि चारशे व्होल्टची वायर त्यांच्यापासून बोटभर अंतरावर होती. तेव्हापासून तळाच्या सर्व फटींना मी बारीक जाळी लावून घेतली आहे.

१९. व्हॉल्व्ह किती दिवस टिकतो? जुने मूळ व्हॉल्व्ह शोधावेत का?

योग्य व्होल्टेजवर चालवलेला पॉवर व्हॉल्व्ह काही हजार तास टिकतो. रोज तीन तास ऐकणाऱ्याचे वर्षाला सुमारे अकराशे तास होतात. ३००बी आज चीन, रशिया, स्लोव्हाकिया आणि झेकियामध्ये बनतो आणि त्यातले चांगले व्हॉल्व्ह निर्धास्तपणे वापरावेत. जुन्या मूळ व्हॉल्व्हच्या किमतीत बहुतेकदा चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर येतो, आणि कानाला फरक तिथे मोठा पडतो. सिंगल-एंडेड रचनेत ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी वाहत असल्याने त्याच्या गाभ्यात बारीक फट ठेवावी लागते, फटीमुळे खर्जाची ताकद घटते, आणि ती भरून काढायला लोखंड व तांबे जास्त घालावे लागते. दोन अ‍ॅम्प्लिफायरांत निवड करायची असेल तर दोन्ही उचलून पाहा आणि जड असेल तो घ्या.

२०. सगळे जुळवले, तरी मला फरक ऐकू येत नाही. माझ्या कानात दोष आहे का?

असे समजण्याचे कारण नाही. तुलना करताना दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांचा आवाज समान असलाच पाहिजे, कारण किंचित मोठा आवाज नेहमी अधिक चांगला भासतो. ४०० हर्ट्झचा स्वर लावून स्पीकरच्या टर्मिनलांवर दोन्हींचे व्होल्टेज जुळवा; एका व्होल्टला एक-दोन शतांशांपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. मग घरातल्या कोणाला तरी तुमच्या पाठीमागे, न सांगता, वायरी बदलायला सांगा, आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर त्या वेळी बंद असेल याची प्रश्न १७प्रमाणे काळजी घ्या. दहा वेळा ओळखायचा प्रयत्न करा. नऊ किंवा दहा वेळा बरोबर ओळखले तर फरक खरा आहे. त्याहून कमी आले, तर तुमचे स्पीकर दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांशी सारखेच वागतात असे धरून चाला, आणि ३००बीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत प्रश्न ७मधल्या जातीचे स्पीकर आधी घरी आणून ऐका.